सहापैकी चार बैठका

खोलीत शिरल्याशिरल्या वकीलबाईने आधी टेबलाखाली वाकून पाहिलं. मग पडदा बाजूला केला, कुंडीतल्या मातीत बोट खुपसलं, भिंतीवरचं कॅलेंडर उचलून त्याची पाठ तपासली. तिच्यासाठी मांडलेली खुर्ची दाराकडे पाठ करून होती. ती तिने उचलली आणि भिंतीला टेकवली. आता दारही दिसत होतं आणि समोरची बाईही.

"सापडलं काही?" समोरच्या बाईने विचारलं.

"सापडेल असं ठेवतं का कोणी?"

समोरची बाई हसली नाही, चिडलीही नाही. तिच्यापुढे कागद नव्हता, पेन नव्हतं. कारखान्यात तिला सगळे 'ऐकणारी' म्हणत. कंपनी आपल्या कामगारांना तिच्याकडे समुपदेशनाला पाठवायची, आणि जाऊन आलेला प्रत्येक जण सांगायचा, बाई काही सांगतच नाही, नुसती ऐकते. वकीलबाईच्या मते नुसतं ऐकणारं माणूस सगळ्यात धोक्याचं. बोलणारा निदान कुठेतरी चुकतो.

वकीलबाई पत्रा दाबायच्या कारखान्यात एकोणीस वर्षं पॉवर प्रेसवर होती. शिक्षण आठवी. वकील हे नाव पडलं ते चौकश्यांमुळे. कंपनीच्या आतल्या चौकशीत बाहेरचा वकील चालत नाही, सोबतचा कामगार बाजू मांडू शकतो. कोणावरही आरोपपत्र आलं की तो आधी हिच्याकडे धावायचा. नऊ चौकश्या लढली, सहा जिंकल्या. उरलेल्या तिन्हींचा विषय कोणी काढला तर त्याच्याशी दोन दिवस बोलायची नाही. नियमांचं पुस्तक तिने एवढ्या वेळा चाळलं होतं की त्याची पानं सुटून पिशवीत फिरायची.

अशा बाईला 'मन मोकळं करायला' पाठवलं होतं.

झालं होतं असं. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी ती प्रेससमोर बसली, हात बटणावर नेला आणि हात तिथेच थांबला. खालीही जाईना, मागेही येईना. सुपरवायझर म्हणाला, "काय, मुहूर्त बघताय का?" तिने शेजारचा पाना उचलून त्याच्या पायाशी आपटला. बोटभर अंतराने त्याचा पाय वाचला. मग कामगार अधिकाऱ्याने बोलावून घेतलं. त्याचं बोलणं इतकं गोड की सगळे त्याला गूळसाहेब म्हणत.

"तुमच्या भल्यासाठीच हो ताई. सहा बैठका. बाईंचं पत्र आलं की मशीन तुमचंच."

भल्यासाठी हा शब्द ऐकला की वकीलबाई आधी पिशवीची चेन बघून घेते.

आता त्या अपघाताचं सांगायला हवं. प्रेसला दोन बटणं असतात. दोन हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच वरचा जड डाय, म्हणजे लोखंडी साचा, खाली येतो. म्हणजे दाब पडताना दोन्ही हात बाहेर, सुखरूप. कागदावर झकास व्यवस्था. पण तासाला सातशे नग मागितले की ती व्यवस्था पुरत नाही. मग बायका एका बटणात पत्र्याची दुमडलेली पट्टी खुपसतात. ते बटण दबलेलंच राहतं, एका हाताने काम भागतं, दुसरा पत्रा सरकवायला मोकळा. हे सुपरवायझरला ठाऊक, गूळसाहेबाला ठाऊक. सगळ्यांना ठाऊक आणि कोणालाच नाही. डायपुढची लोखंडी जाळी तर दीड वर्षापूर्वी दुरुस्तीला गेली ती गेलीच.

वकीलबाईच्या प्रेसवर दुसऱ्या पाळीला जी बसायची ती घड्याळबाई. बारीक आवाजाची, ठेंगणी, पाळीच्या बरोबर दहा मिनिटं आधी हजर. अकरा वर्षं दोघी एकाच स्टुलावर बसत होत्या, पण भेट रोजची दहा मिनिटांचीच. "ऊठ गं, स्टूल गरम केलंस ना?" "केलंय महाराणी, बसा." एवढंच. घड्याळबाई पट्टी कधी लावायची नाही. तिचे नग कायम कमी, आणि शिव्या कायम जास्त.

वकीलबाई रोज उठताना पट्टी काढून खिशात टाकायची. त्या दिवशी गेटवर कोणाचं तरी वाजलं, हाक आली, "वकीलबाई, लवकर या!" आणि ती तशीच पळाली. मागून घड्याळबाई बसली. डायमध्ये अडकलेला तुकडा काढायला तिने उजवा हात आत घातला, डावा सवयीने बटणावर टेकला. दुसरं बटण आधीच दबलेलं होतं. दोन बोटं गेली.

कंपनीने आरोपपत्र दिलं ते घड्याळबाईलाच, सुरक्षा यंत्रणेत छेडछाड केली म्हणून. आणि तिने डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरात अर्ज केला: माझी बाजू वकीलबाई मांडतील.

जिने केलं तीच वकील. खरं बोलावं तर एकोणीस वर्षांची नोकरी जाणार. गप्प बसावं तर घड्याळबाई आठ बोटांनिशी घरी, नोकरी नाही, भरपाई नाही, वर डाग. हे वकीलबाईने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. चौकशी अठरा दिवसांवर होती. आणि नेमकी आत्ताच कंपनीला तिच्या मनाची काळजी लागली होती! यात काही काळंबेरं नाही असं मानायला ती काल जन्मली नव्हती.

"माझी पद्धत थोडक्यात सांगते," ऐकणारी म्हणाली. "आपलं काय दुखतंय हे ज्याचं त्यालाच नीट कळतं, असं मी मानते. माणसाला भीती न घालता, तोलून न बघता ऐकलं, तर आपली वाट तो आपण काढतो. म्हणून मी सल्ला देत नाही. कुठून सुरू करायचं तेही तुम्हीच ठरवा."

"सगळं मीच करायचं, मग तुम्हाला कशाला ठेवलंय?"

"सोबतीला."

"पोलीसही सोबतीलाच असतो." वकीलबाई खुर्चीत मागे रेलली. "बरं. मला इथे जबरदस्तीने पाठवलंय. एवढंच सांगायचंय."

"म्हणजे तुम्हाला वाटतं, मर्जीविरुद्ध तुम्हाला इथे आणलंय."

वकीलबाईचे कान टवकारले. हे तिला ओळखीचं होतं! चौकशीत असंच चालतं. जबाब दिला की अधिकारी तो वाचून दाखवतो, आणि वाचताना एखादा शब्द हळूच इकडचा तिकडे झालेला असतो. लक्ष नसलं की सही होते आणि मान अडकते. ती तीन चौकश्या अशाच हरली होती.

"'वाटतं' काढा," ती म्हणाली. "आणलंय. वाटायचा प्रश्नच नाही."

"बरोबर. आणलंय."

"हं. पुढे."

मग तासभर तेच. ऐकणारीने म्हटलं, "सुपरवायझरच्या बोलण्याचं तुम्हाला वाईट वाटलं," की वकीलबाई म्हणायची, "वाईट नाही. डोक्यात तिडीक गेली. तिडीक. तसंच जाऊ द्या." ऐकणारी मान डोलावून तोच शब्द परत म्हणायची. भांडण नाही, हुज्जत नाही. इतक्या मुकाट्याने दुरुस्ती मान्य करणारा अधिकारी वकीलबाईने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता, आणि त्यामुळे तिचा संशय दुणावला.

वेळ संपल्यावर तिने विचारलं, "सही कुठे करायची?"

"कशावर?"

"वा! म्हणजे बिनसहीचा जबाब. हे तर आणखी वाईट."

दुसऱ्या बैठकीला जाताना ती सापळा घेऊन गेली. अर्धा तास इकडचं तिकडचं बोलली, आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुमच्यापाशी म्हणून बोलते. सोमवारी पहिल्या पाळीला आम्ही चाळीस जणी गेट अडवणार आहोत."

साफ खोटं. चाळीस जणी सोडा, चार जणींनाही तिने काही सांगितलं नव्हतं. पण बातमी फुटली असती तर सोमवारी गेटवर जादा पहारा दिसला असता.

सोमवारी सकाळी सहाला ती नवऱ्याच्या व्हॅनमध्ये, गेटसमोरच्या रस्त्यावर दबा धरून बसली. नवरा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा. पहिल्या मुलाला घ्यायला त्याला अजून तासभर होता. गेटवर नेहमीचा एक पहारेकरी, तोही बुटात गेलेला खडा काढत बसलेला.

"मला एक सांग," नवरा म्हणाला, "तुझी तपासणी चाललीय की तिची?"

"तुम्ही गप्प बसा हो."

"नाही, मी आपलं विचारलं. आजवर माझ्यावर एवढी पाळत ठेवली नाहीस."

"तुमच्यात ठेवण्यासारखं काय आहे?"

पावणेसात वाजले. पहिल्या पाळीच्या बायका नेहमीसारख्या आत गेल्या, जादा पहारेकरी एकही आला नाही. सापळा रिकामा. आणि गंमत अशी, की वकीलबाईला सुटल्यासारखं वाटायच्या ऐवजी अपमान झाल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या बैठकीत तिने सरळ सांगून टाकलं. "गेटचं खोटं होतं. तुम्ही चुगली करता का ते बघत होते."

ऐकणारीचा चेहरा पडेल, ती बोलेल काहीतरी, म्हणून वकीलबाई सावरून बसली होती.

"चार दिवस तुम्ही वाट बघितलीत," ऐकणारी म्हणाली. "कोणावर टेकायचं तर आधी ठोकून बघावं लागतं, अशी सवय झालीय."

"सवय नाही. गरज. आणि तुम्हाला राग नाही आला?"

"थोडं लागलं. पण तुमच्या जागी तसं का करावंसं वाटलं, ते कळतंय."

"हेच, हेच मला पटत नाही!" वकीलबाई उसळली. "मी काहीही केलं तरी तुम्हाला कळतंय. उद्या मी खून करून आले तरी तुम्हाला कळेल. माणूस आतून चांगलाच असतो, त्याला फुलू द्या, असंच ना तुमचं शास्त्र? मग ऐका. कंपनीने जाळी काढली, बोटं तुटली, आणि कंपनी म्हणते या बाईचं मन बिघडलंय. तुम्ही माझ्या आत बघताय. प्रेसच्या आत कोण बघणार?"

"याला माझ्याकडे उत्तर नाही," ऐकणारी म्हणाली.

चौकशी अधिकारी असं कधी म्हणत नाहीत. वकीलबाई उठली, आणि त्या दिवशी नमस्कार न करता निघून गेली, कारण करावासा वाटला होता.

तिथून ती घड्याळबाईकडे गेली. वकील म्हणून जायलाच हवं होतं. दोन आठवडे काहीतरी कारण काढून टाळलं होतं. घड्याळबाई खाटेवर बसून वहीत डाव्या हाताने अक्षरं गिरवत होती. पट्ट्यांनी बांधलेला उजवा हात उशीवर, जणू तो कोणा पाहुण्याचा असावा.

"आलीस? मला वाटलं, तूही मला सोडलंस."

"मी कशाला सोडू?"

"नाही गं, तू आहेस म्हणून तर झोप लागते." मग ती वहीकडे बघत म्हणाली, "एक विचारू? हसू नकोस. गूळसाहेब दोनदा येऊन गेले. म्हणाले, धक्क्याने माणूस विसरतं. पट्टी तुम्हीच लावली असेल, तुम्हाला आठवत नसेल. आता रोज मी डोळे मिटून बघते, तर मला माझाच हात पट्टी लावताना दिसतो. खरंच मीच लावली असेन का?"

वकीलबाईने पाणी मागितलं. पाणी प्यायली, पेला खाली ठेवला आणि "चौकशीत बघू" म्हणून बाहेर पडली. जिना उतरताना तिला दर मजल्यावर थांबावं लागलं. तिच्या गप्प बसण्याने घड्याळबाईची नुसती नोकरी जात नव्हती. आठवणही जात होती.

चौथी बैठक चौकशीच्या तीन दिवस आधी होती. खुर्ची आता न सांगता भिंतीला टेकवलेली असायची. वकीलबाईने सांगितलं की ती घड्याळबाईकडे जाऊन आली, तिची अवस्था बघवत नाही.

"तुम्हाला तिची दया येते."

"दया कशाला? ती काय हात पसरून बसलीय? दया काढा."

"मग काळजी."

"काळजी लांबून करतात. काळजीही नाही."

"मला नीट कळलेलं नाही. काय आहे ते?"

"लाज," वकीलबाई म्हणाली.

आणि मग तिला ऐकू आलं, आपण काय बोललो ते. नऊ चौकश्यांत तिने प्रत्येकाला हेच बजावलं होतं की विचारतील तेवढंच बोला, जास्तीचा एक शब्द नको. आणि स्वतः मात्र जबाबात चुकीचा शब्द जाऊ नये म्हणून बरोबर शब्द आपल्या हाताने काढून दिला होता.

"हे कोणाला सांगणार आहात तुम्ही?" आवाज असा, की बाहेरच्या बाकावरचा माणूस दचकावा.

ऐकणारीने खुर्चीच्या कडा धरल्या. "काल तुमच्या कामगार अधिकाऱ्यांचा फोन आला होता. अपघाताबद्दल तुम्ही काय बोलता, ते विचारत होते. मी म्हटलं, पत्रात तुम्ही आल्याच्या तारखा असतील, बाकी काही नाही. ते म्हणाले, बघा, तुमचा पुढच्या वर्षीचा करार व्हायचाय. फोन ठेवला तेव्हा मी घाबरले होते. आणि आत्ता तुम्ही ज्या नजरेने बघताय, मला तुमचीही भीती वाटतेय. शांत चेहरा करून बसले असते, पण तो खोटा झाला असता."

हाही जुनाच डाव. आपलं रडगाणं गायचं आणि समोरच्याला गायला लावायचं. वकीलबाईला तो पाठ होता. पण तिने ऐकणारीच्या हातांकडे पाहिलं. एकोणीस वर्षं हातांवर नजर ठेवून काम केलेली बाई ती. दाब पडायच्या आधी हात कसा होतो, हे तिला चेहऱ्यापेक्षा जास्त कळायचं. ते हात खरे घाबरलेले होते.

निम्मा विश्वास तिने ठेवला. निम्मा राखून ठेवला.

"मग सांगा, मी काय करू?"

"मी सांगितलं तर तो निर्णय माझा होईल."

"कमाल आहे तुमची! माणूस पाण्यात गटांगळ्या खातोय, आणि तुम्ही काठावरून विचारताय, ओलं वाटतंय का!"

"माझा राग आलाय."

"संताप! संताप आलाय!" वकीलबाई उभी राहिली, दारापर्यंत गेली, परत आली. खुर्चीच्या पाठीवर तिने हात ठेवला. "तुम्हाला मी पुढचं सांगणार नाही. विश्वास नाही म्हणून नव्हे. म्हणजे, तोही नाहीच. पण हे आधी ज्या बाईने ऐकायला हवं, ती इथे नाही."

ऐकणारीने या वेळी एकही शब्द परत म्हणून दाखवला नाही.

घड्याळबाई दोरीवर कपडे घालत होती, एका हाताने, चिमटा दातात धरून. वकीलबाईने दारातूनच सांगितलं. आत जाऊन बसून सांगितलं असतं तर वळणं घेत बसली असती.

"पट्टी माझी होती. मी काढायला विसरले. तू लावली नव्हतीस."

चिमटा खाली पडला. घड्याळबाई ओला टॉवेल हातात धरून उभी राहिली. बराच वेळ टॉवेलचं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"मी नव्हती लावली?"

"नाही."

"मग तो हात दिसतो तो?"

"तो माझा आहे. किंवा गूळसाहेबाचा. तुझा नाही."

घड्याळबाईने डोळे मिटले, उघडले. वकीलबाईला वाटलं, आता शिव्या देईल. द्याव्यात असंच वाटत होतं. पण ती एवढंच म्हणाली, "एकवीस दिवस. एकवीस दिवस मी स्वतःला वेडी समजत होते." आणि मग, "जा आता. मला तुझं तोंड बघवत नाही."

वकीलबाई गेली. घरी नवऱ्याला सांगितलं. तो हातातली किल्ली फिरवत राहिला, म्हणाला, "नोकरी जाईल." ती म्हणाली, "जाईल." तो म्हणाला, "मला आधी का नाही सांगितलंस?" ती पिशवीतून नियमांच्या पुस्तकाची सुटी पानं काढून लावत बसली.

चौकशीच्या दिवशी अकराला सगळे बसले. मधोमध चौकशी अधिकारी, एका बाजूला गूळसाहेब, दुसऱ्या बाजूला घड्याळबाई. तिच्या शेजारची खुर्ची वकीलबाईची. ती तिथे बसली नाही.

"मी बाजू मांडणार नाही," ती म्हणाली. "मी साक्षीदार आहे."

गूळसाहेब हसला. "ताई, तुमच्या मनावर ताण आहे. तुमच्या बैठका अजून पुऱ्या झाल्या नाहीत..."

"दोन राहिल्यात. त्या तुम्ही घ्या, साहेब. तुम्हाला जास्त गरज आहे." मग अधिकाऱ्याकडे वळून तिने सांगितलं, एकेक शब्द तोलून. पट्टी माझी. विसरले मी. ती चूक माझी, आणि शिक्षा मी घेईन. पण आत्ता, जबाबाची शाई सुकायच्या आत, चला माझ्याबरोबर खाली. सतरा प्रेस आहेत. किती बटणांत पट्ट्या आहेत ते मोजा, आणि किती डायपुढे जाळी आहे तेही मोजा. पट्टी लावायला आम्हाला कोणी सांगितलं नाही. फक्त असा आकडा मागितला, जो पट्टीशिवाय होत नाही.

अधिकारी खाली गेला नाही. पण लिहिताना त्याचं पेन दोनदा थांबलं, आणि लिहिलेलं त्याने खोडलं नाही.

"आता तुम्हाला बाहेर बसावं लागेल," तो म्हणाला. "साक्षीदाराला पुढचं कामकाज ऐकता येत नाही."

हा नियम तिला पाठ होता. दुसऱ्यांना बाहेर काढायला तिनेच तो कितीदा वापरला होता. ती उठली. अधिकाऱ्याने घड्याळबाईला विचारलं, "तुमची बाजू कोण मांडणार? तारीख वाढवून देऊ का?"

घड्याळबाईने वकीलबाईकडे पाहिलं नाही. बांधलेला हात टेबलावर ठेवला.

"नको," ती म्हणाली. "मला आठवतंय. मीच सांगते."

दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर वकीलबाई मांडीवर पिशवी घेऊन बसली. मधेच गूळसाहेब बाहेर येऊन पाणी पिऊन गेला. तिच्याकडे न बघता. आतून घड्याळबाईचा बारीक आवाज येत होता. काय बोलते ते एवढ्या लांबून कळत नव्हतं. तिने कान लावायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. आवाज थांबत नव्हता, एवढं मात्र स्पष्ट ऐकू येत होतं.